जुन्या कॅमेऱ्याचा भाव

आपल्या वस्तीत आता फोटोग्राफरशिवाय कार्यक्रम होत नाही. मंगल परिणय असो, नामकरण असो, विहाराची पायाभरणी असो की चौदा एप्रिलची मिरवणूक असो, गळ्यात जाड काळा पट्टा अडकवलेला आपलाच एखादा मुलगा गर्दीत मागेपुढे धावताना दिसतो. त्याला पाहून मंडपातल्या आयाबाया पदर सावरतात, म्हातारी माणसे टोपी नीट करतात. आम्हांला हे दृश्य फार आवडते. पण त्याच्या गळ्यातले ते यंत्र कोणत्या पैशातून आले, आणि उद्या विकायची वेळ आली तर हातात काय पडेल, हा हिशेब आपल्या घरांत सहसा मांडला जात नाही. आमच्या घरात तो मांडावा लागला. कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून येथे लिहीत आहोत.

आमच्या पिढीने कॅमेरा पाहिला तो लांबून. त्या काळी बीडला फोटो काढायचा म्हणजे धुतलेले कपडे घालून स्टुडिओत जायचे, रंगवलेल्या पडद्यासमोर ताठ बसायचे आणि चार दिवसांनी पावती दाखवून पाकीट आणायचे. खेड्यातल्या आपल्या माणसाला तेवढाही योग येत नसे. आमच्या आजीचा एकही फोटो घरात नाही. आजोबांचा आहे, तो मतदार ओळखपत्रापुरता. लग्नाला फोटोग्राफर आलाच तर तो छत्तीस फोटोंचा एक रोल घेऊन येई, आणि तिसावा फोटो निघाला की नातेवाइकांत रुसवेफुगवे सुरू होत.

त्या रोलच्या जमान्यातल्या कॅमेऱ्याची एक गोष्ट मात्र चांगली होती. याशिका, पेंटॅक्स, निकॉन असा एखादा कॅमेरा घेतला की तो पंधरा-वीस वर्षे चाले आणि विकताना बरा भावही येई. कारण साधे होते. फोटो उमटायचा तो फिल्मवर. बाजारात अधिक चांगली फिल्म आली की ती जुन्याच कॅमेऱ्यात घालता येत असे. कॅमेरा म्हणजे उजेड मोजून आत सोडणारी एक मजबूत पेटी. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मची जागा सेन्सरने घेतली, आणि हा सेन्सर कारखान्यातच आत बसवलेला असतो. अधिक चांगला सेन्सर हवा असेल तर अख्खा कॅमेराच बदलावा लागतो. म्हणून पेटी धडधाकट असली तरी तिचा भाव उतरत जातो.

हा उतार किती वेगाचा, ते पाहा. १९९१ साली कोडॅक कंपनीने निकॉनच्या कॅमेऱ्याला जोड देऊन व्यावसायिक डिजिटल कॅमेरा विक्रीला काढला. त्यात १३ लाख बिंदूंचे चित्र उमटे, किंमत २० हजार डॉलरच्या घरात, आणि चित्रे साठवण्याचा वेगळा डबा फोटोग्राफरने खांद्याला अडकवून हिंडायचे. १९९९ मध्ये निकॉनचा डी-१ आला. २७ लाख बिंदू, किंमत ५ हजार डॉलरच्या आसपास. २००५ मध्ये कॅननचा फाइव्ह-डी आला. १ कोटी २८ लाख बिंदू, किंमत ३,२९९ डॉलर. तीनच वर्षांनी, २००८ मध्ये, त्याचा मार्क टू आला. २ कोटी ११ लाख बिंदू, शिवाय एचडी व्हिडिओ, आणि किंमत २,६९९ डॉलर. धाकटा भाऊ जास्त शिकलेला आणि पगार मागतो कमी. मग थोरल्याला कोण विचारणार?

आमच्या पुतण्याने २०१९ च्या ऑक्टोबरात असाच एक थोरला भाऊ घरी आणला. बारावीनंतर दोन वर्षे त्याने एका फोटोग्राफरच्या हाताखाली लाइट धरला, वायरी गुंडाळल्या, अल्बम घरपोच केले. मग त्याला स्वतःचा कॅमेरा हवासा वाटू लागला. पुण्याच्या एका फोटोग्राफरकडचा फाइव्ह-डी मार्क थ्री, म्हणजे २०१२ साली बाजारात आलेले मॉडेल, त्याला ८२ हजाराला मिळाला. सोबत २४-१०५ ची लेन्स २८ हजाराला. एकूण १ लाख १० हजार. त्यातले ६० हजार थोरले बंधू आणि वहिनी यांच्या कोयत्याची उचल, ३० हजार वहिनींच्या बचत गटाचे कर्ज, आणि २० हजार आमचे.

शहरातल्या वाचकांसाठी सांगायला हवे. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. हंगामाआधी मुकादम जोडीला उचल देतो आणि ती ऊस तोडून फेडायची असते. त्या वर्षी टनामागे मजुरी २४० रुपयांच्या आसपास होती. म्हणजे ६० हजार फिटायला दोघांनी २५० टन ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून ट्रकपर्यंत न्यायच्या. वहिनींनी कॅमेरा हातात घेऊन वजन पाहिले आणि म्हणाल्या, ‘एवढ्याशा डब्यात माझा आख्खा हंगाम मावला का रे?’ पोरगा काही बोलला नाही. त्याने त्यांचा त्याच कॅमेऱ्याने पहिला फोटो काढला. तो फोटो आज त्यांच्या घरात भिंतीवर आहे.

काहींनी तेव्हा विचारले, एवढ्या पैशात कोरा, पेटीबंद कॅमेरा मिळत असताना दुसऱ्याने वापरलेला कशाला घेता? प्रश्न रास्त होता. पण कोऱ्या स्वस्त कॅमेऱ्यात सेन्सर लहान असतो. मार्क थ्रीचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, ३६ बाय २४ मिलिमीटरचा. आपल्या विहारात दोन ट्यूबलाइट आणि बुद्धमूर्तीसमोरच्या मेणबत्त्या एवढ्याच उजेडात परित्राणपाठ चालतो. तेथे लहान सेन्सर फोटोत रांगोळीसारखे दाणे पाडतो आणि मोठा सेन्सर निभावून नेतो. शिवाय त्यात कार्डाच्या दोन जागा आहेत. एक कार्ड बिघडले तरी दुसऱ्यावर फोटो शिल्लक राहतात. लग्न काही पुन्हा लावता येत नाही. आणि अल्बमचे म्हणाल तर १२ बाय १८ इंचाचे पान उत्तम छापायला इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने १ कोटी ९४ लाख बिंदू लागतात. मार्क थ्री २ कोटी २३ लाख देतो. कागदावर छापायचे काम जोवर आहे तोवर तो कॅमेरा म्हातारा झालेला नाही.

दुसरे एक भांडवल पुतण्याकडे होते, ते दुकानात मिळत नाही. बौद्ध पद्धतीच्या लग्नात कोणत्या क्षणी कॅमेरा उचलायचा, हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. बाहेरचे फोटोग्राफर अंतरपाट आणि सप्तपदीची वाट पाहत उभे राहतात आणि इकडे वधूवरांची प्रतिज्ञा होऊन जाते. पांढऱ्या साडीवर प्रखर दिवा मारून साडीचे काठ नाहीसे करणारे आणि नवरीचा रंग ‘उजळून देऊ का’ असे विचारणारे फोटोग्राफर आम्ही पाहिले आहेत. पुतण्या असे विचारत नाही. सावळा चेहरा सावळाच ठेवून तो देखणा दिसेल असा उजेड घेतो. त्यामुळे त्याला कामे मिळू लागली.

मार्च २०२० पर्यंत नऊ कार्यक्रम झाले. मग टाळेबंदी आली. आमच्या जिल्ह्यात लग्नांचा खरा हंगाम ऊसतोड मजूर परतल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत. त्या वर्षी मजूरच कारखान्यांवर अडकून पडले. एप्रिलच्या मध्यावर शासनाने परतीची परवानगी दिली तेव्हा बंधू-वहिनी गावी पोचले. लग्ने चार माणसांत उरकली जात होती. कॅमेरा कपाटात आणि गटाचा हप्ता दारात. तेव्हाच पहिल्यांदा घरात शब्द निघाला, ‘विकून टाक’. पण तेव्हा साऱ्याच फोटोग्राफरांना विकायचे होते आणि घेणारा कोणी नव्हता. जो भाव सांगितला गेला तो ऐकून पोराने कॅमेरा पुन्हा कपाटात ठेवला आणि कांदा-बटाट्याचा गाडा लावला. वर्षभराने कामे पुन्हा सुरू झाली, गटाचे कर्ज फिटले.

आता २०२५ सालाकडे येतो. लग्न ठरवायला आलेली मंडळी फोटोग्राफरला पहिला प्रश्न करतात, ‘फोर-के आहे का?’ वराकडच्या तरुणांना चित्रपटासारखा व्हिडिओ हवा असतो. मार्क थ्री एचडी व्हिडिओ देतो, फोर-के देत नाही. फोटो कितीही सुंदर येवोत, या एका प्रश्नावर काम हातचे जाऊ लागले. दुसरीकडे कंपन्यांनीही वाट बदलली होती. या जुन्या कॅमेऱ्यांत लेन्समधून आलेले दृश्य एका आरशावर पडून डोळ्यापर्यंत पोचते. नव्या जातीत आरसाच नाही, त्याला मिररलेस म्हणतात. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०१८ मध्ये मोठ्या सेन्सरचे मिररलेस कॅमेरे आणले. २०२१ च्या डिसेंबरात कॅननच्या प्रमुखांनी सांगूनच टाकले, की २०२० साली आलेला वन-डीएक्स मार्क थ्री हा आरशाच्या जातीतला त्यांचा शेवटचा सर्वोच्च कॅमेरा. अशी बातमी आली की जुन्या मालाचा भाव आणखी खाली बसतो. नव्या कॅमेऱ्यावरचा करही बोलतो. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा डिजिटल कॅमेऱ्यावर २८ टक्के होता, तो जानेवारी २०१९ पासून १८ टक्के झाला. नवे स्वस्त झाले की वापरलेल्याला आपोआप उतरावे लागते.

पुतण्याने मिररलेस घ्यायचे ठरवले. घरात पुन्हा तोच विषय निघाला, मुकादमाकडून उचल घ्यायची का? वहिनींच्या गुडघ्यांनी आता जबाब दिला आहे. धाकटी मुलगी दहावीला. जुन्या कॅमेऱ्याचे किती येतात यावर त्यांचे यंदाचे जाणे-राहणे ठरणार होते. म्हणून आम्ही रजा टाकून पुतण्यासोबत छत्रपती संभाजीनगरला गेलो.

पहिल्या दुकानात मालकाने कॅमेरा उलटसुलट केला, कापसाच्या काडीने बटणाची खाच पुसली आणि काडी आमच्यासमोर धरली. काडी निळी झाली होती.

‘हे निळं काय आहे?’

‘जयंतीचं आहे,’ पुतण्या म्हणाला.

दुकानदार हसला आणि कागदावर दोन हजार कमी केले. चौदा एप्रिलच्या निळीचा बाजारभाव आम्हांला त्या दिवशी कळला. असो. नीळ वरच्यावर होती, आत गेलेली नव्हती. कॅमेरा आणि लेन्स मिळून त्याने ४५ हजार सांगितले. दुसऱ्या दुकानाने ४३ हजार. दोघांनाही लेन्ससकट हवा होता, आणि तेथेच आम्हांला थांबावेसे वाटले.

कारण कॅमेरा आणि लेन्स यांचे नशीब एक नसते. कॅननची ही लेन्स ज्या जातीची आहे ती जात १९८७ पासून चालत आलेली, आणि नव्या मिररलेसवर ती एका जोडकड्याने, म्हणजे अ‍ॅडाप्टरने, बसते. मार्क थ्रीची बॅटरीसुद्धा २०२० च्या आर-६ मिररलेसमध्ये चालते. म्हणजे पुतण्याने लेन्स, चार बॅटऱ्या, फ्लॅश आपल्याकडे ठेवून नुसती बॉडी विकली तर नव्या कॅमेऱ्याबरोबरचा निम्मा खर्च वाचतो. दुकानदाराला हे ठाऊक असते. गठ्ठ्यात घेतले की त्याला लेन्स जवळपास फुकट पडते. वाचकांपैकी कोणी विकायला निघाला असेल तर त्याने आधी घरी बसून काय काय पुढे चालेल ते वेगळे काढावे. काचेला बुरशी धरलेली नाही ना, ते लेन्समागून विजेरी मारून पाहावे. आमच्या कोरड्या बीडमध्ये बुरशीपेक्षा धुळीचा त्रास जास्त. मुंबई-कोकणातून आलेल्या लेन्सला मात्र दोनदा पाहावे.

बॉडीचा भाव ज्यावर ठरतो ती मुख्य गोष्ट म्हणजे शटर. दर फोटोला आतला पडदा उघडतो, मिटतो. मार्क थ्रीचा पडदा दीड लाख वेळांच्या चाचणीला उतरलेला आहे, असे कंपनी सांगते. त्यानंतर तो लगेच मोडेल असे नाही, पण मोडला तर नवा पडदा बसवायचा खर्च आला. मोटारसायकलचे किलोमीटर पाहतात तसे येथे घेणारा हा आकडा विचारतो. निकॉनच्या कॅमेऱ्यात तो प्रत्येक फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो. या कॅननमध्ये तो वायर लावून संगणकावर काढावा लागतो, त्यामुळे तेथे थापा मारायला वाव असतो. पुतण्याचा आकडा निघाला १ लाख ३८ हजार. एका ओळखीच्याने सल्ला दिला, ‘साठ हजार सांग, कोण बघतंय?’ पुतण्याने आमच्याकडे पाहिले. चौथे शील आम्ही दर रविवारी त्याच्याच शेजारी बसून म्हणतो, त्यामुळे आम्हांला काही बोलावे लागले नाही.

आणखी एक बाब, जिच्याबद्दल बाजारात कोणी बोलत नाही. २०१९ मध्ये पुण्याच्या त्या गृहस्थाकडून आम्ही मूळ बिल आणि विक्रीची लेखी पावती मागून घेतली होती, दोन्हींवर कॅमेऱ्याचा क्रमांक. तो मनुष्य भला, त्याने कुरकुर केली नाही. हे आम्ही का मागितले, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. बिल नसलेले महाग यंत्र दुसऱ्याच्या पोराच्या गळ्यात असले तर ती हौस ठरते. आपल्या पोराच्या गळ्यात असले तर ‘कुठून आणलास?’ हा प्रश्न येतो. पुतण्याला तो दोनदा विचारला गेला. दोन्ही वेळा पाकिटातली पावती कामाला आली. विकतानाही बिल असलेल्या कॅमेऱ्याला चार पैसे जास्त येतात.

आता हिशेब. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि पोटापाण्याला कारकून, म्हणून घसारा हा शब्द बोटांना सवयीचा आहे. (सरकारी कचेऱ्यांत घसारा फारसा मानत नाहीत. आमच्या पाहण्यातल्या एका डेडस्टॉक रजिस्टरात वीस वर्षांपूर्वीचा एक कॅमेरा अजून मूळ किमतीने उभा आहे. तो कपाटात आहे, बॅटरी फुगलेली आहे, पण वहीत त्याचा एक रुपयाही कमी झालेला नाही.) आयकरात यंत्रसामग्रीवर सर्वसाधारण १५ टक्के आणि संगणकावर ४० टक्के घसारा धरतात, दरवर्षी उरलेल्या किमतीवर. ८२ हजारावर १५ टक्क्यांनी सहा वर्षे चालवले तर ३० हजार ९०० च्या जवळपास उरतात. ४० टक्क्यांनी चालवले तर ३ हजार ८०० च्या आसपास. डिजिटल कॅमेरा हे यंत्र की संगणक? आतून संगणक, बाहेरून यंत्र. बाजाराने आमच्या बॉडीला दिलेला भाव दोन्ही आकड्यांच्या वरच होता. अखेर ती ४१ हजाराला गेली, ते पुढे सांगतो.

म्हणजे सहा वर्षांत ४१ हजाराची झीज. महिन्याला ५७० रुपये. पुतण्याच्या वहीत या काळात १६४ कार्यक्रमांची नोंद आहे, म्हणजे दर कार्यक्रमाला २५० रुपये. एका लग्नात फोटोग्राफरच्या पोराच्या जेवणाखाण्यावर आणि पेट्रोलवर यापेक्षा जास्त जातात. आमच्या घरात ‘कॅमेऱ्याने बुडवले’ अशी भाषा सुरू झाली होती. आकडे मांडल्यावर ती बंद पडली. बुडवणारी गोष्ट दुसरीकडे होती. हेच ६० हजार कोणी सावकाराकडून शेकडा तीनने काढले तर महिन्याला १,८०० रुपये नुसते व्याज जाते, कॅमेऱ्याच्या झिजेच्या तिप्पट. उचलीला तर व्याज असे लिहिलेलेच नसते. ते पहाटे चारला उठणाऱ्या बाईच्या कमरेवर लिहिले जाते. तेव्हा कॅमेऱ्याची किंमत उतरते म्हणून भिण्यापेक्षा तो कोणत्या पैशाने घेतला याला भ्यावे, असे आमचे मत झाले.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातल्या लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे लहान आहेत म्हणून शेती तोट्यात, असे तेव्हाचे जाणकार म्हणत. बाबासाहेबांचे म्हणणे निराळे होते. जमीन लहान की मोठी एवढ्यावरून ती परवडणारी की न परवडणारी हे ठरत नाही. तिच्यावर लावलेली अवजारे, भांडवल आणि श्रम यांचे तिच्याशी प्रमाण काय, त्यावर ठरते. आम्हांला हा निबंध कॅमेऱ्याच्या दुकानात आठवला. तीन लाखांचा कॅमेरा घेऊन वर्षाला वीस कार्यक्रम करणारी मुले आम्ही पाहतो, आणि ५० हजाराच्या जुन्या बॉडीवर घर चालवणारीही पाहतो. कॅमेरा, लेन्स, साठवणुकीच्या डिस्क, कामांची संख्या आणि हात, यांचे एकमेकांशी जुळले पाहिजे. पुतण्याचा विचार कोरा मिररलेस हप्त्यावर घेण्याचा होता. चार रात्री वही मांडल्यावर त्याने स्वतःच वापरलेला आर-६ पाहायला सुरुवात केली. तो २०२० चे मॉडेल, २ कोटी १ लाख बिंदूंचा, म्हणजे मार्क थ्रीपेक्षा कमीच. पण फोर-के व्हिडिओ, कार्डाच्या दोन जागा, आणि चालत्या माणसाच्या डोळ्यावर नेम धरून बसणारा फोकस. ज्याचा भाव पहिल्या मालकाच्या खिशातून उतरून झालेला आहे, असा माल घेणे आपल्यासारख्यांना परवडते. विकताना जी घसरण टोचते तीच घेताना आपल्या कामी येते. ती नसती तर वस्तीतल्या पोराच्या गळ्यात असा कॅमेरा कधी आलाच नसता.

विहारातल्या एका ज्येष्ठांना हे विकणे पटले नाही. ‘सहा जयंत्या काढल्या रे त्या कॅमेऱ्यानं, ठेव घरात,’ ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात आम्हांला नामदेव व्हटकर आठवले. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत अंत्ययात्रा निघाली. लेखक व चित्रपट दिग्दर्शक असलेल्या व्हटकरांनी आपला छापखाना गहाण टाकून कॅमेरा आणि फिल्मची सोय केली आणि ती यात्रा चित्रित केली. म्हणून तो जनसागर आज आपण हलताना पाहू शकतो. त्या खर्चाचा परतावा कोणत्या रकान्यात दाखवायचा, हे आमच्या वाणिज्य शाखेने आम्हांला शिकवलेले नाही. पण आज पाहायला मिळते ते चित्रण. कॅमेरा त्यासाठी लागला एवढेच. म्हणून आम्ही त्या ज्येष्ठांना म्हणालो, ‘बाबा, डबा जाऊ द्या, फोटो जाऊ द्यायचे नाहीत.’

आणि मग पाहिले तर फोटोंचीच आबाळ. सहा वर्षांतली लग्ने, जयंत्या, वर्षावासाचे कार्यक्रम, गेलेली माणसे, सारे एका डिस्कवर, आणि ती डिस्क धान्याच्या कोठीवर ठेवलेली. विक्री आठ दिवस थांबवून पुतण्याने सगळ्याची दुसरी प्रत केली. एक प्रत त्याच्याकडे, एक विहाराच्या कपाटात. गावागावांतल्या आपल्या फोटोग्राफर मुलांनी एवढे तरी करावे. चार वर्षांपूर्वी वारलेल्या एका मावशींचा त्यांच्या घरात एकही फोटो नव्हता. या डिस्कवर त्या भोजनदानाच्या पंगतीत वाढताना सापडल्या.

गिऱ्हाईक शेवटी दुकानात मिळाले नाही. फोटोग्राफर मंडळी एकमेकांच्या कानावर घालतात, तसे गेवराई तालुक्यातून एक मुलगा आला, आईला घेऊन. एका फोटोग्राफरकडे लाइट धरतो. पुतण्याने कॅमेऱ्यातली सगळी चित्रे पुसली. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये मालकाचे नाव आपोआप घालण्याची सोय त्या कॅमेऱ्यात आहे. तेथले आपले नाव काढून त्याने मेनू उघडा ठेवला आणि त्या मुलाला म्हणाला, ‘तुझं टाक.’ पोराने एकेक अक्षर शोधून आडनावासकट टाकले. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरचे दोन धुळीचे ठिपके दाखवले. शटरचा आकडा संगणकावर काढून दाखवला. ठरले ४१ हजार. २५ लगेच, बाकी दोन हप्त्यांत, लग्नाच्या हंगामानंतर. पावती आम्ही लिहिली, दोन्ही क्रमांकांसह, आणि पुण्याचे मूळ बिलही सोबत दिले.

आर-६ साठी बाकीचे पैसे पुतण्याने स्वतःच्या साठवणीतून घातले. तरी थोडे कमी पडलेच. बंधूंनी अर्ध्या कोयत्याची उचल घेतली आणि ते एकटे गेले. वहिनी राहिल्या. मुलीची दहावी आहे.

पैसे मोजून झाल्यावर त्या मुलाच्या आईने कॅमेरा दोन्ही हातांनी उचलून पाहिला आणि पुतण्याला विचारले, ‘दादा, खरं सांगा, आणखी किती चालंल?’

‘बारा हजार फोटो बिनघोर, मावशी. पुढं चालला तर चालला. नाही तर पडदा बदलावा लागतो.’

‘त्याला किती लागतात?’

पुतण्याने पावती परत मागून घेतली आणि मागच्या बाजूला आकडा लिहून दिला.